जमीन झाकणारा सेज

बागेतील कोणतीही जमीन फार दिवस उघडी राहत नाही. माळ्याने तिच्यावर काही लावले नाही तर निसर्ग आपल्या पसंतीचे काहीतरी लावतो, आणि त्यालाच आपण तण म्हणतो. तण येईपर्यंतच्या अवधीतही उघड्या जमिनीचे हाल चालूच असतात. उन्हाने तिची ओल आटते, वाऱ्याने धूळ उडते, आणि जागा उताराची असली तर पहिल्या जोरदार पावसाबरोबर वरची कसदार माती वाहून जाते. म्हणून झाडांमधली मोकळी जागा, पायवाटेच्या कडा, दरडीचे उतार अशा ठिकाणी ठेंगणी, आडवी पसरणारी आणि दाट पानांची एखादी वनस्पती लावून जमिनीवर जणू पांघरूण घालण्याची पद्धत जगभरच्या बागकामात रूढ आहे. अशा वनस्पतींना भूमिच्छादक वनस्पती म्हणता येईल. त्यांपैकी सर्वांच्या परिचयाची म्हणजे हिरवळीचे गवत. तेच सर्वांत खर्चाचेही आहे, कारण त्याला वरचेवर कापावे लागते आणि सतत पाणी द्यावे लागते.

हिरवळीची आवड वायव्य युरोपातून अमेरिकेत गेली. इंग्लंडमध्ये बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो आणि उन्हाळा सौम्य असतो. तेथे हिरवळ राखणे म्हणजे निसर्गाला थोडीशी शिस्त लावणे होय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात मात्र तीच हिरवळ राखावयाची तर वर्षातील पाच-सहा महिने निसर्गाशी उभा दावा मांडावा लागतो. त्या राज्यातील शहरांत वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी घराबाहेर, मुख्यतः बागांवर, खर्च होते. दीर्घ अवर्षणाच्या काळात १ एप्रिल २०१५ रोजी तेथील गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापर २५ टक्क्यांनी घटविण्याचा आदेश काढला. पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिच्या जागी अवर्षणाला तोंड देणाऱ्या वनस्पती लावण्याची तरतूद त्याच आदेशात होती. पुढे २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने कचेऱ्या, व्यापारी इमारती व सार्वजनिक संस्था यांच्या आवारांतील केवळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी घालण्यास २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंदी ठरविली आहे.

हिरवळ काढणे सोपे. परंतु काढल्यावर त्या जागी काय लावावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याला तेथील बागाइतांनी जी उत्तरे शोधली, त्यांतले एक त्यांच्याच डोंगरांत पूर्वापार वाढत होते. ते म्हणजे जमिनीलगत पसरणारा, निळसर जांभळ्या फुलांचा सेज.

नाव आणि कुळ

सेज हे साल्व्हिया या प्रजातीतील वनस्पतींचे इंग्रजी नाव आहे. आपल्याकडे शाळांच्या व सरकारी बंगल्यांच्या बागांत लाल तुऱ्यांचा जो साल्व्हिया लावतात, तो याच प्रजातीतला आहे. जगात साल्व्हियाच्या सुमारे एक हजार जाती आहेत. प्रजातीचे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ बरे करणे, रक्षिणे असा आहे, कारण युरोपातील औषधी सेज फार प्राचीन काळापासून घरगुती औषधांत वापरला जात असे. मराठीत या वनस्पतीला रूढ नाव नाही. म्हणून येथे सेज हाच शब्द ठेवला आहे. त्याचा आपल्या शेज या शब्दाशी काही संबंध नाही. पण जमिनीवर अंथरलेल्या या झाडाला तो चुकूनमाकून शोभतो, हे खरे.

एक घोटाळा आरंभीच दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशाची वर्णने वाचताना ‘सेजब्रश’ हे नाव वारंवार येते. ते झुडूप सेज नव्हे. ते आर्टेमिसिया प्रजातीतील, म्हणजे आपल्या दवण्याच्या जवळच्या नात्यातले आहे. दोहोंची पाने करडी व सुगंधी असल्यामुळे लोकांनी नावे एकत्र केली, इतकेच.

आपल्या विषयाचा सेज म्हणजे साल्व्हिया सोनोमेन्सिस, सरपटणारा सेज. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या सोनोमा परगण्यावरून त्याचे नाव पडले. तो किनाऱ्याजवळच्या डोंगररांगांत, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आणि दक्षिणेस थेट सॅन दिएगोच्या बाजूपर्यंत आढळतो. ओकच्या विरळ सावलीत, चॅपरल नावाच्या काटक झुडपी रानात, आणि थोड्या उंचीवर पाइनच्या झाडांखाली तो वाढतो. त्याचे खोड उभे राहत नाही. फांद्या जमिनीवर लोळत जातात आणि जेथे मातीला टेकतात तेथे मुळे धरतात. पानांचा थर जेमतेम वीतभर उंच असतो. पाने लांबट, वरून करडी-हिरवी व सुरकुतलेली, खालून पांढुरक्या लवेची असतात. वसंत ऋतूत त्यांतून फूट-दीड फूट उंचीचे दांडे निघतात आणि त्यांवर थोड्याथोड्या अंतराने फुलांची कडी येतात. एकेक रोप दोन मीटर आणि कधीकधी त्याहून अधिक जागा व्यापते.

ही वनस्पती ज्यांनी पाहिली नाही त्यांनाही तिची ओळख अंगणातल्या तुळशीवरून पटेल, कारण दोघी एकाच कुळातल्या आहेत. तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहिली तर ती गोल नसून चौकोनी आहे हे जाणवते. तिची पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. फुलाला वरचा व खालचा असे दोन ओठ असतात, आणि प्रत्येक फुलातून चार बारीक बिया मिळतात. सब्जा, पुदिना व सेज यांतही हाच आराखडा दिसतो. पान चोळले असता येणारा वास हीसुद्धा कुळाचीच खूण होय. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत बाष्पनशील तेल साठलेले असते आणि ग्रंथी फुटताच ते हवेत उडते. सेजच्या तेलात आढळणाऱ्या दोन मुख्य पदार्थांशी आपला नित्याचा परिचय आहे. एक कापूर, आणि दुसरा सिनिओल, ज्याच्यामुळे निलगिरीच्या तेलाला त्याचा विशिष्ट वास येतो.

साल्व्हियाच्या फुलातील एक रचना वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे, म्हणून तिचा ओझरता उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. या फुलात पुंकेसर दोनच असतात, आणि प्रत्येक पुंकेसर तरफेसारखा मध्यावर डुलता असतो. मध शोधीत आलेली माशी तरफेचे खालचे टोक डोक्याने ढकलते आणि वरचे टोक खाली येऊन तिच्या पाठीवर पराग टेकविते. जर्मन अभ्यासक स्प्रेंगेल याने १७९३ मध्येच फुलांवरील आपल्या ग्रंथात ही युक्ती वर्णिली होती. कॅलिफोर्नियातील बऱ्याच सेजमध्ये मात्र या तरफेची मागची बाजू आखडून गेली आहे आणि पुंकेसर माशीच्या अंगाला सरळच लागतात. मधमाशा, भुंगे आणि गुंजनपक्षी यांची वर्दळ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

उलटे पंचांग

सरपटणाऱ्या सेजची लागवड ज्याला समजून घ्यावयाची आहे त्याने प्रथम त्याच्या मायभूमीचे पंचांग समजून घेतले पाहिजे. पुढचे सारे नियम त्यातूनच निघतात.

सोनोमा परगण्यातील सांता रोझा या शहरी वर्षाकाठी तीस इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याचा पाऊसही जवळजवळ तेवढाच आहे. केवळ हा आकडा पाहून कोणी म्हणेल की दोन्ही गावांची झाडे अदलाबदल करता येतील. परंतु पाऊस किती पडतो याइतकाच तो केव्हा पडतो याला अर्थ आहे. पुण्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे जमीन उबदार असताना पडतो. सांता रोझा येथे तो नोव्हेंबर ते एप्रिल या थंड महिन्यांत पडतो, आणि जून, जुलै, ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. आपल्याकडे ऊब आणि ओल एकत्र येतात. तिकडे त्या एकमेकींच्या वाटेलाही जात नाहीत.

अशा प्रदेशातील वनस्पतीचे वर्ष आपल्या कल्पनेच्या उलट चालते. पहिल्या पावसाबरोबर, हिवाळ्याच्या तोंडाशी, मुळे कामाला लागतात. थंडीत वाढ सावकाश होते, वसंतात ती भराभर होऊन फुले येतात, बी पिकते. उन्हाळा लागला की सेज जवळजवळ झोपी जातो. आपण ज्याला वाढीचा हंगाम म्हणतो तो त्याचा विश्रांतीचा काळ होय, आणि ही विश्रांती काढण्याची तयारी त्याच्या पानांतच असते. पानावरील दाट लव उन्हाचा काही भाग परतविते आणि पानालगतच्या हवेचा थर स्थिर ठेवून बाष्प बाहेर जाण्याचा वेग कमी करते. उन्हाळ्यात पाने आकसतात, कडेने वळतात, अधिक करडी दिसू लागतात. त्याच प्रदेशातील काळा सेज व जांभळा सेज ही उंच झुडपे तर वसंतातील मोठी पाने गाळून उन्हाळ्यासाठी लहान पानांचा निराळा संच धारण करतात. घरातील माणसांनी ऋतुमानाप्रमाणे कपडे बदलावे तसाच हा प्रकार.

नवख्या माळ्याची फसगत नेमकी येथे होते. ऑगस्टच्या उन्हात सेजची पाने आकसलेली व मलूल पाहून त्याला दया येते आणि तो रबरी नळी घेऊन धावतो. चार दिवसांनी पाने आणखी मलूल दिसतात म्हणून तो आणखी पाणी घालतो. पंधरवड्यात एखादी संपूर्ण फांदी तपकिरी पडते आणि महिनाभरात झाड जाते. तहानेने मेले असे समजून तो हळहळतो. वस्तुतः ते पाण्याने मेलेले असते.

याचे कारण जमिनीत असते. फायटॉफ्थोरा या नावाचे सूक्ष्म जीव पुष्कळ जमिनींत वस्ती करून असतात. ते दिसण्यात व वागण्यात बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशीच्या वर्गात न मोडणारे आहेत. आपल्या किनारपट्टीवर सुपारीच्या बागा उजाड करणारा कोळेरोग याच प्रजातीमुळे होतो. त्यांच्या बीजाणूंना शेपटासारखे तंतू असतात आणि मातीच्या कणांमधल्या पाण्यातून ते पोहत मुळांपर्यंत जातात. जमीन कोरडी असेल तर त्यांना पोहावयास वाट नाही. जमीन फार थंड असेल तर त्यांच्या हालचाली मंद असतात. माती उबदार आणि ओली अशी दोन्ही झाली की त्यांचे फावते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात हा योग क्वचितच येतो, म्हणून तेथल्या सेजला त्याच्याशी झुंजण्याची सवय नाही. माळ्याची नळी तो योग घडवून आणते.

हा सेज आपल्याकडे लावता येईल काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. त्याचे उत्तरही वरील मजकुरातच आहे. पुण्याच्या वा नागपूरच्या जुलै महिन्यात जमीन उबदार व ओली अशी सतत राहते, आणि कोकणात तर विचारावयासच नको. कुंडीत, छपराखाली, पावसापासून वाचवून एखादे रोप जगविण्याचा हौशी प्रयोग करता येईल. पण जमीन झाकणे हा ज्याचा उद्देश त्या झाडाला छपराखाली ठेवण्यात काय स्वारस्य? भारतातही सेजच्या स्वतःच्या जाती आहेत. पश्चिम हिमालयात, काश्मीर-हिमाचलच्या उतारांवर साल्व्हिया मूरक्रॉफ्टियाना ही मोठ्या लवदार पानांची जाती वाढते, आणि मैदानांत शेतांच्या ओलसर कडांना साल्व्हिया प्लेबिया उगवते. त्या जमिनीवर पसरून पांघरूण घालणाऱ्या नव्हेत. ते काम आपल्याकडे जलपिंपळी चांगले करते. तळ्याच्या काठी, शेताच्या बांधावर तिचे जाळे आपण पाहतोच. गंमत अशी की तिच्याच जातीतून जपानमध्ये तयार केलेला, बी न धरणारा एक प्रकार आज ‘कुरापिया’ या नावाने कॅलिफोर्नियात हिरवळीऐवजी लावला जातो. परदेशी भूमिच्छादक वनस्पती आणताना उलट बाजूचाही धोका असतो. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली पिवळ्या फुलांची वेडेलिया आपल्या हवेत मरत नाही, उलट इतकी माजते की बागेबाहेर पडून ओढ्यानाल्यांच्या कडा व्यापते.

लागवड

आता मूळ प्रदेशात हा सेज कसा लावतात ते पाहू.

जागा निचऱ्याची हवी. उतार असेल तर उत्तमच, कारण उतारावर पाणी साचत नाही आणि फांद्यांनी धरलेली मुळे मातीलाही धरून ठेवतात. सपाट व चिकण मातीची जागा असेल तर दगडगोटे मिसळून माती थोडी उंच करून घेतात आणि त्या उंचवट्यावर रोपे लावतात. शेणखत वा कंपोस्ट घालण्याचा मोह टाळावा लागतो. निकस जमिनीत वाढण्याची सवय असलेले हे झाड खताने लुसलुशीत, दुबळे व अल्पायुषी होते. समुद्राजवळच्या थंड हवेत त्याला पूर्ण ऊन मानवते. आतल्या बाजूस, जेथे उन्हाळा कडक असतो, तेथे मोठ्या झाडाची विरळ सावली अधिक सुखाची ठरते.

लावणीपूर्वी तणांचा बंदोबस्त करणे हा साऱ्या कामातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. जमिनीत पडून राहिलेले तणांचे बी पहिल्या पावसाने उगवते. जाणते माळी या पहिल्या उगवणीची वाट पाहतात, ती मुळासकट काढतात, जमल्यास दुसरीही काढतात, आणि मगच रोपे लावतात. सेजच्या फांद्या पसरल्यानंतर त्यांच्यामधून उगवलेले गवत उपटावयाचे तर ठिसूळ फांद्या मोडतात, आणि न उपटावे तर गवत सेजला झाकून टाकते.

लावणीचा काळ ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. दोन रोपांत सुमारे सव्वा मीटर अंतर ठेवतात. विकत आणलेले रोप तळहाताएवढे आणि मधली जागा एवढी मोकळी पाहून पुष्कळांना हे अंतर अवास्तव वाटते व ते रोपे दाट लावतात. दोन वर्षांत फांद्या एकमेकींवर चढतात, आत हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी रोग पडतो. खड्डा कुंडीतील मातीच्या गोळ्याइतकाच खोल असावा आणि रोपाचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर वर राहावा. माथ्याशी माती साचली की खोड कुजते. लावल्याबरोबर एकदा भरपूर पाणी द्यावयाचे. पुढचे काम पावसाचे. पाऊस लांबला तरच मधून पाणी घालावयाचे. मोकळ्या जागेवर बारीक खडीचा किंवा पालापाचोळ्याचा पातळ थर पसरतात, पण तो रोपाच्या बुंध्यापासून वीतभर दूर ठेवतात.

पहिला उन्हाळा कसोटीचा असतो. मुळे अजून खोल गेलेली नसतात, म्हणून या एकाच वर्षी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, हवा थंड असेल असा दिवस पाहून सकाळी पाणी देणे योग्य होय. दिले तर मुळांच्या खाली उतरेल इतके द्यावे, आणि मग माती वाळू द्यावी. रोज थोडेथोडे शिंपडणे सर्वांत वाईट. दुसऱ्या उन्हाळ्यापासून महिन्यातून एकदा दिलेले पाणी पुरते, आणि किनाऱ्याजवळ तेवढेही लागत नाही.

तण का उगवत नाही?

चांगला वाढलेल्या सेजखाली तण फारसे उगवत नाही असा सर्वांचा अनुभव आहे. याचे कारण काय, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर वनस्पतिशास्त्रज्ञांत जो वाद झाला तो मनोरंजक आहे, आणि आपल्या सेजच्या उंच भावंडांभोवती घडलेला आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियात जांभळ्या सेजची झुडपे जेथे गवताळ माळाला भिडतात तेथे एक विलक्षण देखावा दिसतो. झुडपांच्या समूहाभोवती एक-दोन मीटर रुंदीचा पट्टा साफ उघडा असतो, त्यात गवताची काडी नसते. त्यापलीकडे काही मीटर गवत खुरटलेले आणि त्यानंतर नेहमीसारखे. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत हे पट्टे झुडपांभोवती खडूने ओढल्यासारखे दिसतात. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉर्नेलियस मुलर व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा एक खुलासा मांडला. सेजच्या पानांतून उडणारे तेल गवताच्या कोवळ्या रोपांना विषारी ठरते, असा त्यांचा सिद्धांत होता. बंद पात्रात सेजची पाने ठेवून त्यांच्या वासात काकडीची व ओटची रोपे वाढविली तेव्हा, पानांचा रोपांना स्पर्शही होत नसता, त्यांच्या मुळांची वाढ खुंटली. एका वनस्पतीने रासायनिक द्रव्य सोडून दुसरीला रोखावे, या कल्पनेचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नव्हते. ते पाठ्यपुस्तकांत गेले.

सहा वर्षांनी, १९७० मध्ये, ब्रूस बार्थोलोम्यू याने त्याच नियतकालिकात एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने उघड्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे मांडले. सेजचा वास जाळीतून बिनदिक्कत आत जात होता. उंदीर, ससे आणि पाखरे यांना मात्र आत जाता येत नव्हते. वाढीच्या हंगामाअखेरीस पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलेले होते आणि बाहेर जमीन पूर्वीसारखीच उघडी होती. झुडपात दडून राहणारे लहान प्राणी घारी-बहिरी ससाण्यांच्या भयाने आसऱ्यापासून फार दूर जात नाहीत. जेवढ्या अंतरातून धावत परतता येईल तेवढ्यातले कोवळे गवत आणि बी ते खाऊन टाकतात. उघड्या पट्ट्याची रुंदी म्हणजे बऱ्याच अंशी त्यांच्या धैर्याची लांबी होय.

मग मुलर यांचे म्हणणे खोटे ठरले काय? तसे म्हणणे घाईचे होईल. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी जांभळ्या सेजमधील कापूर, सिनिओल इत्यादी द्रव्ये मोहरीच्या कुळातील रोपांवर तपासली आणि मुळाच्या टोकाशी होणारे पेशींचे विभाजन त्यांनी मंदावते असे त्यांना आढळले. म्हणजे ही द्रव्ये रोपांना अपाय करतात, हे खरे. बंद पात्रात जी मात्रा रोपापर्यंत पोहोचते ती मोकळ्या माळावर, वाऱ्यात, पोहोचते काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि जाळीच्या पिंजऱ्यांनी दिलेले उत्तर सिद्धांताला फारसे अनुकूल नाही. प्रस्तुत लेखकाला या वादातील पिंजऱ्यांचा भाग विशेष आवडतो. महागडे उपकरण न वापरता, केवळ ‘दुसरे काही कारण असू शकेल काय’ असे विचारून पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष हलविता आला. आपल्या शाळेच्या बागेत एखाद्या झाडाखाली काही उगवत नसेल तर मुलांनी प्रथम तसा एक पिंजरा मांडून पाहावा.

माळ्याच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारी आहे. बागेतला सरपटणारा सेज तण रोखतो तो प्रामुख्याने आपल्या दाट पानांच्या सावलीने. प्रकाश न मिळाल्याने तणाचे बी उगवत नाही वा उगवून टिकत नाही. जेथे पानांचा थर विरळ असेल तेथे वासाच्या भरवशावर राहून भागणार नाही. तेथे वाकून तण काढावेच लागेल.

संकरित प्रकार, आग आणि म्हातारपण

शुद्ध जातीचा सरपटणारा सेज बागेत थोडा लहरी आहे. रानात दाट माजलेला असतो, आणि बागेत आणला की कारण न दाखविता मरतो. म्हणून रोपवाटिकांत त्याचे संकर अधिक खपतात. काळ्या सेजशी झालेल्या संकरातून ‘दाराज चॉइस’ हा प्रकार मिळाला. सांता बार्बरा वनस्पती-उद्यानातील दारा एमरी यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. करड्या पानांचा ‘बीज ब्लिस’, म्हणजे माशांचे सुख, हा तर फारच लोकप्रिय झाला आहे. तो गुडघ्याएवढा उंच होतो, दोन-अडीच मीटर पसरतो, बागेतील जमीन मूळ जातीपेक्षा सोशिकपणे पत्करतो. ओल्या वसंतात त्यावर भुरी येते एवढेच. नुसत्या जांभळ्या सेजमधूनही सांता बार्बरा परगण्याच्या पॉइंट साल या भूशिरावर आढळलेला एक बुटका, पसरट प्रकार निवडून काढला आहे. तो अधिक उंच असल्यामुळे मोठ्या उतारांवर लावतात. हे प्रकार बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत. थंडीच्या प्रारंभी फूल नसलेल्या शेंड्यांचे बोटभर तुकडे भरड वाळूत लावून त्यांची वाढ करतात.

तेलकट पानांच्या झुडपांबाबत कॅलिफोर्नियात आणखी एक विचार करावा लागतो, तो आगीचा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस अँजेलिसच्या परिसरात जे वणवे पेटले त्यांत हजारो घरे भस्मसात झाली. वणव्याच्या वेळी वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्या घराच्या भिंतीलगत साचलेल्या वाळक्या पाल्यात पडतात आणि तेथून घर पेटते, म्हणून वणव्याच्या धोक्याच्या टापूत भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांचा पट्टा २०२० च्या एका कायद्याने वेगळा गणला आहे. त्या पट्ट्यात सेज लावू नये हे सांगणे नलगे. त्यापलीकडे तो ठेंगणा असल्यामुळे उंच झुडपांपेक्षा बरा. मात्र त्याच्या खालची वाळलेली पाने व फुलांचे सुकलेले दांडे दर उन्हाळ्याच्या तोंडाशी काढले पाहिजेत.

दांडे छाटणे हीच त्याची मुख्य छाटणी. फुले संपल्यावर हिरव्या भागातच कात्री चालवावयाची. जुन्या, पाने गळलेल्या लाकडात छाटले तर त्यातून पुन्हा फूट येत नाही. त्यावरून चालणेही टाळावे, कारण हिरवळीप्रमाणे पाऊल सोसण्याची शक्ती त्याच्यात नाही. वाट हवी असेल तर मध्ये सपाट दगड बसवावे. इतके सांभाळूनही काही वर्षांनी झाडाचा मध्यभाग विरळ होतो आणि आतली काटकुळी लाकडे दिसू लागतात. अशा वेळी संपूर्ण झाड उपटून टाकण्याची गरज नसते. कडेच्या ज्या फांद्यांनी मातीत मुळे धरलेली असतात त्या पहिल्या पावसानंतर मुळांसह कापून काढतात, मधली जुनी लाकडे खणून टाकतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तीच रुजलेली फांदी, माथा बोटभर वर ठेवून, लावून देतात.